घरच्या गाडीचा पिकअप

“गाडी बाकी चांगली आहे, एव्हरेजही देते, फक्त पिकअप नाही.” ही तक्रार गॅरेजमध्ये जितकी ऐकू येते तितकीच लग्नाच्या पंगतीतही ऐकू येते, आणि ती खरी असते. गळिताच्या हंगामात सांगली-कोल्हापूरकडच्या दुपदरी रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे गाडी अडकते. पुढे जरा मोकळी जागा दिसते. एसी चालू, मागे तिघे, डिकी भरलेली. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला तरी गाडी लगेच उचलत नाही. समोरून एसटी येत असेल तर ते तीन-चार सेकंद फार मोठे वाटतात. म्हणून घरच्या गाडीची कामगिरी वाढवण्याचा विषय नुसत्या हौशी पोरांचा आहे असे मला वाटत नाही. तो रोज रस्त्यावर कुटुंब घेऊन निघणाऱ्या प्रत्येकाचा आहे. पण त्यावर बोलले जाते ते बहुतेक हॉर्सपॉवरच्या भाषेत, आणि खर्च केला जातो तोही उलट्या क्रमाने: आधी आवाज, मग ताकद, मग दिसणे, आणि पैसे उरले तर टायर-ब्रेक.

कंपनी फॅमिली कार बनवते ती कोणा एकासाठी नाही. तीच गाडी नागपूरच्या ४५ अंशांत चालली पाहिजे आणि महाबळेश्वरच्या थंडीतही. मालक वेळेवर ऑइल बदलेल याची खात्री नसते, पेट्रोल कुठल्या पंपावरचे भरेल हे ठाऊक नसते, आणि पाच जणांच्या जागी सात जण बसतील हे तर गृहीतच असते. शिवाय धुराचे नियम, वॉरंटी, किंमत आणि एव्हरेज. या सगळ्यांना पुरे पडेल अशी राखीव जागा इंजिनात, क्लचमध्ये, सस्पेन्शनमध्ये ठेवलेली असते. मॉडिफिकेशन म्हणजे त्या राखीव जागेपैकी काही भाग मालकाने स्वतःच्या गरजेसाठी मागून घेणे. तो मिळतो, पण फुकट मिळत नाही.

ही कल्पना जुनी आहे. अॅलेक इसिगोनिस यांची मिनी १९५९ मध्ये बाजारात आली ती स्वस्त, काटकसरी घरगुती गाडी म्हणून. ८४८ सीसीचे इंजिन आणि ३४ हॉर्सपॉवर. शर्यतीच्या गाड्या बनवणारे जॉन कूपर यांनी तिच्यात वेगळीच शक्यता पाहिली आणि १९६१ मध्ये मिनी कूपर आली. इंजिन ९९७ सीसी, ताकद ५५ हॉर्सपॉवर. हे आकडे सगळे सांगतात. त्याच गाडीच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आले, हे सांगायचे मात्र बरेच जण विसरतात. ताकद वाढवली त्याच वेळी थांबवण्याची सोय वाढवली, म्हणून तिचीच पुढची आवृत्ती १९६४, १९६५ आणि १९६७ ची माँटे कार्लो रॅली जिंकू शकली. माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा धडा तिथेच घालून दिलेला आहे.

आपल्याकडे हे काम फियाटवर झाले. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी फियाट ११००, जी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, तीच टॅक्सी होती, तीच डॉक्टरांची गाडी होती आणि मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यतीतही तीच धावत होती. हेड प्लेन करून कॉम्प्रेशन वाढवायचे, कार्ब्युरेटरचे जेट बदलायचे, पोर्ट घासून गुळगुळीत करायचे, सायलेन्सरची नळी रुंद करायची. हाताच्या कौशल्याचे काम होते ते. प्लगचा रंग बघून मिश्रण जाड आहे की पातळ हे सांगणारे फिटर त्या पिढीत होते. ते कौशल्य कमी झाले याचे मला वाईट वाटते, कारण आज लॅपटॉपवर जे दिसते ते समजायलाही तीच नजर लागते.

आजच्या काळातले उदाहरण घ्यायचे तर फियाटच्याच १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिनाचे घ्यावे. २००३ मध्ये युरोपात आलेले हे १२४८ सीसीचे छोटे इंजिन भारतात पुण्याजवळच्या रांजणगावात आणि हरियाणात मानेसरला बनत होते. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, पुंटो, लिनिया, इंडिका व्हिस्टा, अर्टिगा, सियाझ, ब्रेझा अशा कितीतरी गाड्यांत ते बसले. एप्रिल २०२० मध्ये धुराचे बीएस-६ नियम आले आणि ते थांबले. पण सेकंडहँड बाजारात अजून त्याला मागणी आहे आणि रिमॅप करून, म्हणजे इंजिनाचे सॉफ्टवेअर बदलून घेणाऱ्यांचे तर ते लाडके आहे. गंमत अशी की कंपन्यांनीच हे इंजिन दोन ताकदींत विकले. स्विफ्टमध्ये ७५ पीएस (म्हणजे जवळपास तितकेच हॉर्सपॉवर) आणि १९० न्यूटन-मीटर टॉर्क, तर ब्रेझा-सियाझमध्ये ९० पीएस आणि २०० न्यूटन-मीटर. सीसी तेवढेच. मुख्य फरक टर्बोचा. ७५ च्या टर्बोची रचना स्थिर, तर ९० च्या टर्बोत एक्झॉस्टचा झोत वळवणारी पाती वेगानुसार उघडमीट करतात.

स्विफ्ट डिझेल चालवलेल्याला हे इंजिन पायाला माहीत असते. १८००-२००० आरपीएमच्या खाली गाडी मरगळलेली, आणि त्यानंतर एकदम उसळी. याला टर्बो लॅग म्हणतात. घाटात दुसऱ्या गिअरच्या वळणावर नेमके इंजिन १५०० वर असते, म्हणून तिथे तक्रार जास्त. आता या गाडीची ताकद वाढवायची म्हणजे काय, हे नीट पाहू.

रिमॅपचे काम बाहेरून अगदी साधे दिसते. स्टिअरिंगखालच्या ओबीडी, म्हणजे गाडीचे दोष वाचायच्या, सॉकेटला वायर जोडतात किंवा इंजिन कंट्रोल युनिटची पेटी काढून टेबलावर उघडतात. आधी मूळ फाइल वाचून जपून ठेवतात. बॅटरीला चार्जर लावतात, कारण नवी फाइल लिहिताना व्होल्टेज पडले तर ती पेटीच निकामी होऊ शकते. फाइलमध्ये असतात आकड्यांचे तक्ते: एवढ्या आरपीएमला, पेडल एवढे दाबले असता, किती डिझेल सोडायचे, कॉमन रेलमध्ये किती दाब ठेवायचा, टर्बोला किती बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, करू द्यायचा. वर पहारेकऱ्यासारखे बसलेले मर्यादेचे तक्तेही असतात. त्यातला एक टॉर्क किती होऊ द्यायचा ते ठरवतो. दुसरा स्मोक लिमिटर; आत आलेल्या हवेच्या मानाने डिझेल जास्त होऊ नये हे तो पाहतो. चांगला ट्यूनर हे तक्ते थोडे थोडे उचलतो, मग गाडी बाहेर काढून तिसऱ्या गिअरमध्ये १५०० पासून पूर्ण पेडल दाबून लॉग घेतो, मागितलेला बूस्ट आणि प्रत्यक्ष मिळालेला बूस्ट यांच्या रेषा जुळतात का ते बघतो, आणि परत येऊन फाइल सुधारतो. वाईट ट्यूनर इंटरनेटवरून मिळालेली फाइल चढवतो, स्मोक लिमिटर उघडा ठेवतो आणि पंधरा मिनिटांत पैसे घेतो. मागे काळा धूर सुटतो आणि मालकाला वाटते गाडी किती जोरात आहे. तो धूर म्हणजे अर्धवट जळलेले डिझेल. पैसे आणि विष दोन्ही हवेत.

टर्बो डिझेलमध्ये सॉफ्टवेअरने पाचवा-चौथा हिस्सा ताकद वाढते, ही गोष्ट खरी आहे. ७५ चे साधारण ९०-९५ होतात. याचे कारण टर्बो आहे. हवा जास्त कोंबता येते आणि म्हणून इंधनही जास्त जाळता येते. पण ज्या टर्बोची रचना ७५ साठी झाली त्याच्याकडून ९५ मागितले की त्याचा शाफ्ट जास्त वेगाने फिरतो, आणि छोट्या टर्बोचा शाफ्ट तसाही मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेत असतो. एक्झॉस्टचे तापमान वाढते. ऑइल लवकर थकते. दमवून आलेली गाडी घाटमाथ्यावर थांबवून लगेच चावी फिरवली तर टर्बोच्या बेअरिंगमधले ऑइल तिथेच करपते. मूळ गाडीतही हे टाळायचे असते; रिमॅपनंतर टाळायलाच हवे.

मग येतो क्लच. रिमॅपचा सर्वाधिक जोर १८०० ते २५०० आरपीएमला येतो, नेमका जिथे टॉर्क जास्त असतो. लाखभर किलोमीटर चाललेली क्लच प्लेट हे सहन करत नाही. चौथ्या गिअरमध्ये पेडल दाबले की आरपीएमचा काटा वर पळतो आणि गाडी मागेच राहते, मग जळका वास. गॅरेजच्या टेबलावर अशी प्लेट पाहिली की लक्षात येते: अस्तर काचेसारखे चकचकीत झालेले, रिव्हेट वर आलेले, आणि प्रेशर प्लेटवर उष्णतेचे निळे डाग. रिमॅपच्या खर्चात क्लचचा खर्च आधीच धरावा.

फोक्सवॅगनच्या पोलो जीटी टीएसआयचे उदाहरण याहून बोलके आहे. चाकणला बनणारी ही गाडी २०१३ मध्ये आली: १.२ लिटर टर्बो पेट्रोल, १०५ पीएस, १७५ न्यूटन-मीटर, आणि सोबत सात गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. हा कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स २५० न्यूटन-मीटरपर्यंतचा. सॉफ्टवेअरने ६० न्यूटन-मीटर वाढवले तर आपण २३५ वर पोचतो, म्हणजे मर्यादेला जवळजवळ टेकतो. त्यात पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये हा गिअरबॉक्स आधीच तापलेला असतो. इंजिन देऊ शकते म्हणून गिअरबॉक्स घेऊ शकेल असे नाही.

साध्या पेट्रोल गाडीचे, म्हणजे टर्बो नसलेल्या १.२ लिटर इंजिनाचे, काय? इथे मी स्पष्टच सांगेन: फारसे काही मिळत नाही. इंजिन जेवढी हवा स्वतः ओढू शकते तेवढीच ओढते, तेव्हा सॉफ्टवेअरने पाच-सात टक्के मिळाले तरी खूप. पेडलचा प्रतिसाद झटपट केला की गाडी हलकी वाटते, पण ते वाटणेच; पेडल थोडे दाबले असता थ्रॉटल जास्त उघडतो, एवढाच त्याचा अर्थ. बाजारात मिळणारी ‘रिस्पॉन्स’ची डबी हेच करते.

ज्यांच्यावर पैसे घालवू नयेत अशा वस्तूंची जंत्री मोठी आहे. इंधनाच्या पाइपला लावायचे चुंबक. ओबीडीत खोचायची आणि नुसता दिवा लुकलुकवणारी ‘चिप’. हवेच्या तापमानाचा सेन्सर फसवणारा चाळीस रुपयांचा रेझिस्टर. उघडा कोन फिल्टर मात्र जरा सविस्तर पाहण्यासारखा आहे. आवाज छान येतो, पण तो बॉनेटखालची गरम हवा ओढतो, आणि हवा १० अंशांनी तापली की तिची घनता साधारण तीन टक्के घटते. म्हणजे सिग्नलवर थांबून निघताना मूळ डब्यातला फिल्टरच बरा. त्यात मराठवाड्यातल्या कच्च्या रस्त्याची धूळ. गाळण सैल झाली की ती थेट सिलिंडरच्या लायनरवर जाते. वेळेवर बदललेला कंपनीचा कागदी फिल्टर यापेक्षा चांगला.

सायलेन्सरबद्दल मला मनापासून चीड आहे. टर्बो गाडीत रुंद, नीट बनवलेला एक्झॉस्ट काही उपयोगाचा असतो. पण आपल्याकडे बहुतेक वेळा नळी कापून आवाज वाढवला जातो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भंगारात विकला जातो. त्याने कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन थेट रस्त्यावर, म्हणजे मागे स्कूटरवर बसलेल्या पोराच्या नाकात. बीएस-६ डिझेलमधला पार्टिक्युलेट फिल्टर काढून टाकण्याचा धंदाही असाच. याला मी कामगिरीतली सुधारणा म्हणणार नाही. शहराशहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो येतात तेव्हा मला पोलिसांचेच पटते.

इंधनाचा मुद्दा थोडक्यात. आपल्याकडे साधे पेट्रोल बरीच वर्षे ९१ ऑक्टेनचे होते. जास्त ऑक्टेनने ताकद आपोआप वाढत नाही. टर्बो किंवा जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनाला नॉकिंगपासून वाचायला ते मदत करते. २०२५ मध्ये इथेनॉलचे मिश्रण २० टक्क्यांवर गेले. इथेनॉलने ऑक्टेन वाढते, पण त्याच्या एका लिटरात पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. तेव्हा जुनी, फक्त पेट्रोलवर रिमॅप केलेली फाइल आता पुन्हा तपासून घ्यावी.

एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. स्विफ्ट डिझेल दोघांसह साधारण १२०० किलो धरली तर ७५ पीएसचे टनामागे ६२ होतात. पाच जण आणि बॅगा घेऊन ती १४५० किलो झाली की तेच ५२ वर येतात. रिमॅप करून ९५ केले तर भरलेल्या गाडीत टनामागे ६५. म्हणजे वीस हॉर्सपॉवरचा सगळा खटाटोप भरलेल्या गाडीला फक्त रिकाम्या गाडीच्या पातळीवर आणून ठेवतो. डिकीत महिनोन्‌महिने पडलेला पाण्याचा कॅन, जुनी बॅटरी, फरशा काढून टाकणे ही पहिली ट्यूनिंग आहे. दुसरी म्हणजे गाडीची तब्येत. टर्बोपासून इनटेकपर्यंतच्या रबरी होजला चीर गेली असेल, ब्रेक घासत असतील, इंजेक्टर गळत असेल, तर पिकअप गेलेला असतो आणि मालक नवी ताकद विकत घ्यायला निघालेला असतो. आधी गाडीला तिची मूळ ताकद परत द्या. पुष्कळदा तक्रार तिथेच संपते.

आता मी टायरकडे येतो, कारण खरी कामगिरी तिथे आहे. इंजिनाने काढलेली ताकद, ब्रेकचा जोर, स्टिअरिंगचे वळण, सगळे रस्त्यापर्यंत पोचते ते चार टायरच्या तळहाताएवढ्या चार पट्ट्यांतून. एकाच पिढीच्या स्विफ्टमध्ये खालच्या मॉडेलला १६५/८० आर१४ आणि वरच्या मॉडेलला १८५/६५ आर१५ टायर येत होते. उंचीचा हिशेब केला तर पहिल्याचा व्यास साधारण ६२० मिलिमीटर, दुसऱ्याचा ६२१. म्हणजे स्पीडोमीटर चुकत नाही, मडगार्डला घासत नाही, आणि रस्त्यावर २० मिलिमीटर जास्त रबर येते. वरच्या मॉडेलचा आकार खालच्या मॉडेलला बसवणे हा माझ्या मते फॅमिली कारवरचा सर्वांत शहाणा खर्च आहे, कारण हा आकार कंपनीनेच त्या गाडीवर तपासलेला असतो.

दुकानात उभे राहून टायरची कड वाचायला शिकावे. १८५/६५ आर१५ ८८एच. यातले ८८ म्हणजे एका टायरने ५६० किलो पेलायचे, आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची मान्यता. स्टाइलसाठी १६ इंची रिम घेऊन १९५/५५ आर१६ ८७ चा टायर टाकला तर व्यास जवळपास तोच राहतो, पण पेलण्याची क्षमता ५४५ किलोवर येते. मूळ क्षमतेच्या खाली उतरू नये. पुढे डीओटी लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ३५२२ असेल तर टायर २०२२ च्या पस्तिसाव्या आठवड्यात बनला. दुकानदार ‘नवा माल’ म्हणतो तेव्हा हे चार आकडे बघावेत. अलॉय चाकांबाबत एकच सांगतो: स्वस्त ओतीव अलॉय कित्येकदा मूळ लोखंडी रिमपेक्षा जड असते. चाकाचे वजन स्प्रिंगच्या खाली असते, त्यामुळे ते जड झाले की गाडी उचलायला, थांबवायला आणि खड्ड्यावरून सावरायला तिन्ही वेळा त्रास देते.

ब्रेकचे गणित निर्दयी आहे. वेग १०० वरून १२० झाला, म्हणजे वीस टक्के वाढला, तर थांबवायची ऊर्जा ४४ टक्के वाढते. ती सगळी उष्णता होऊन पुढच्या डिस्कवर आणि मागच्या ड्रमवर जाते. खंडाळ्याचा किंवा आंबोलीचा घाट भरलेल्या गाडीने उतरताना पेडल मऊ होऊन खाली जाऊ लागले, तर ब्रेक फ्लुइड उकळते आहे असे समजावे. हे तेल हवेतली आर्द्रता शोषते, आणि कोकणात पावसाळ्याचे चार महिने काढलेल्या गाडीत ते अधिकच. डीओटी ३ प्रतीचे ताजे तेल किमान २०५ अंशांपर्यंत टिकावे अशी अट असते. पाणी शोषल्यावर ती १४० वर येते. डीओटी ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. दर दोन वर्षांनी फ्लुइड बदलणे, चांगले पॅड टाकणे, आणि मागचे ड्रम साफ करून अॅडजस्ट करून घेणे, यांचा एकूण खर्च एका बऱ्या म्युझिक सिस्टिमपेक्षा कमी येतो. मोठ्या डिस्कचे किट दिसायला भारी, पण चाकात जागा लागते, पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बदलतो आणि एबीएसची जुळणी बिघडू शकते. घरच्या गाडीला त्याची गरज क्वचितच असते.

सस्पेन्शनमध्ये लोक पहिली गोष्ट करतात ती गाडी खाली बसवण्याची. आपल्या गावागावातले गतिरोधक बघता हा हट्ट सोडावा. त्याऐवजी ऐंशी हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे चारही शॉकॲब्सॉर्बर, त्यांचे माउंट, लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट नवे टाकून अलाइनमेंट करून घ्यावी. गाडी एकदम आटोपशीर होते. वळणावर झुकणे कमी होते, ब्रेक मारताना नाक कमी खाली जाते. मूळ लांबीचे पण थोडे कडक शॉक मिळतात, तेही चांगले. मागच्या सीटवर आई-वडील बसणार असतील तर कडकपणाची मर्यादा त्यांच्याच कमरेने ठरवावी.

एवढे केल्यावरही ज्याला खरोखर वेग हवा आहे त्याने रस्ता सोडून मैदानात जावे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कारसाठी सपाटीला १०० आणि घाटात ६० ची मर्यादा आहे. तिथे रिमॅपची परीक्षा घेणे हा दुसऱ्यांच्या जिवावरचा खेळ आहे. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ ही ड्रॅग शर्यत भरत आली आहे. कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे. तिथे हेल्मेट, मार्शल, रुग्णवाहिका असते आणि समोरून कोणी येत नाही.

राहिला कायदा, आणि इथे माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, उत्पादकाने मूळ दिलेला तपशील आणि नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळ उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवून हे ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने १८२-अ कलम आले. नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड होऊ शकतो. विम्याचेही तसेच. कंपनीला न कळवता केलेल्या बदलाकडे बोट दाखवून अपघाताचा दावा अडवला जाऊ शकतो, म्हणून जे कराल ते विमा कंपनीला लेखी कळवावे. वॉरंटीतली गाडी असेल तर रिमॅपचा विचारच करू नये. सर्व्हिस सेंटरच्या संगणकात फाइल बदलल्याची खूण सापडू शकते.

न्यायालयाचा सुरक्षेचा हेतू मला मान्य आहे. पण यामुळे चांगला आणि वाईट बदल एकाच रांगेत बसतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर फेकणारा आणि चांगले ब्रेक बसवणारा दोघेही आरटीओच्या दारात सारखेच भ्यालेले. जर्मनीत असे नाही. तिथे स्प्रिंग, चाके, एक्झॉस्ट बनवणारी कंपनी आपल्या भागाची चाचणी करून कागद मिळवते, मालक भाग बसवून टीयूव्हीसारख्या तपासणी संस्थेकडे गाडी नेतो, तपासनीस चाक वळवून, मोजून पाहतो, आणि गाडीच्या कागदांत नोंद होते. त्यामुळे तिथे मॉडिफिकेशनचा मोठा उद्योग आहे आणि तो उजेडात चालतो.

आपल्याकडे अशी वाट नाही असे म्हणता येत नाही, कारण सीएनजीसाठी ती आहे. मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने पास केलेले किट, परवानाधारक केंद्रात बसवणे, आरसीवर नोंद, आणि दर तीन वर्षांनी टाकीची तपासणी. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारने बीएस-६ पेट्रोल गाड्यांनाही बाहेरून सीएनजी किट बसवायला परवानगी दिली. दोनशे बार दाबाची गॅसची टाकी डिकीत ठेवायला जी व्यवस्था पुरते, ती शॉकॲब्सॉर्बरला का पुरू नये? भारताची वाहन चाचणी करणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच, कोथरूडला आहे; यंत्रे आहेत, माणसे आहेत.

सुरुवात लहान करावी. पहिल्या टप्प्यात फक्त मूळ उंचीचे शॉक आणि स्प्रिंग, ब्रेकचे पॅड आणि डिस्क, आणि ठरावीक आकाराची चाके यांना भागनिहाय मान्यता द्यावी. प्रत्येक भागावर खोदलेला क्रमांक असावा, आणि कोणत्या मॉडेलला तो चालतो याची यादी आरटीओच्या खिडकीवरही मिळावी. इंजिनाच्या सॉफ्टवेअरचा विचार नंतर, कारण तिथे प्रत्येक फाइलमागे धुराची प्रयोगशाळेतली चाचणी हवी, पीयूसी केंद्रावरची नव्हे; ती महाग आहे आणि तो खर्च ट्यूनरने उचलावा. जो ट्यूनर उचलेल त्याची फाइल घ्यावी. तोवर घरच्या गाडीचे पैसे टायर, ब्रेक आणि शॉकवर जावेत. आणि पुढचा टायर-सेट विकत घेताना दुकानदाराला आधी चार आकडी तारीख विचारावी, मग भाव.